दुर्घटनेची चौकशी नेमकी कुणी करावी?

विजापूर_वेस
१८ मे २०२५ ची पहाट सोलापुरात कुणी विसरलेलं नसणार. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. मालक, त्यांच्या घरची माणसं, कामगार. लगेच शॉर्टसर्किटचा प्राथमिक अंदाज बातम्यांत आला. तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतोय, तो इथं मांडते.

शॉर्टसर्किट म्हटलं की आग कशी लागली ते कळतं. आठ माणसं बाहेर का येऊ शकली नाहीत ते त्यातून कळत नाही. दारं किती होती, रात्री कुलूप कुठं असतं, धूर कुठल्या बाजूनं भरला, पाणी किती वेळात आणि किती दाबानं मिळालं, आत माणसं राहतात हे कुठल्या कागदावर होतं का. यातला प्रत्येक प्रश्न वेगळ्या खात्याचा आहे, म्हणून सगळे मिळून विचारायला कुणीच नसतं.

दुसरं उदाहरण. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली, दहा बाळं गेली. राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळाला, अकरा रुग्ण गेले. मधे दहा महिने होते.

माझं मत असं की ज्या खात्यानं परवाना दिला किंवा ज्याची तपासणी करायची राहिली, त्या खात्यानं चौकशी करू नये. बाहेरची, कायमची यंत्रणा हवी आणि तिचा अहवाल लोकांना वाचायला मिळायला हवा. आपापल्या क्षेत्रातले अनुभव लिहा.

शेंगाचटणी
वाचतोय. गरजेचा धागा.

होटगीकर
ताई, तळमळ पटली, पण अहवालानं कुणी सुधारत नाही. आत टाकलं तरच सुधारतात. १९९७ साली दिल्लीत उपहार थिएटर जळालं, ५९ जण गेले. खटला २०१७ पर्यंत सुप्रीम कोर्टात चालला. वीस वर्षं! आधी जबाबदार माणूस जेलमध्ये, मग बाकी अभ्यास. आपल्याकडं समिती नेमणं म्हणजे प्रकरण थंड करणं, हे शाळकरी पोराला पण कळतं.

निवृत्त_सिग्नल
मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात आयुष्य काढलं, बरंचसं सोलापूर विभागात. दुर्घटनेची चौकशी हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळं जरा लांब लिहितो.

रेल्वेत दोन तऱ्हेच्या चौकश्या असतात. गाडी रुळावरून घसरली, पण जीव गेला नाही, तर खात्यातलेच अधिकारी बसतात. पहिली पायरी म्हणजे जॉइंट नोट. सिग्नल, इंजिनिअरिंग, ऑपरेटिंग, मेकॅनिकल, सगळ्या खात्यांचे सुपरवायझर जागेवर जाऊन मापं घेतात आणि एका कागदावर सह्या करतात. रुळाचं गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, किती निघालं, चाकाची कड किती झिजली, पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा, कुठं होता. आता गंमत बघा. गेज जास्त निघालं तर इंजिनिअरिंग अडकणार, चाक झिजलेलं निघालं तर मेकॅनिकल. मग अर्ध्या मिलिमीटरवरून तासभर वाद. शेवटी कुणीतरी असहमतीची वेगळी नोट लिहितो. ही माणसं वाईट नसतात. प्रत्येकाला आपल्या खात्याची लाज राखायची असते, आणि उद्या सकाळी त्याच साहेबासमोर उभं राहायचं असतं.

प्रवासी गाडीच्या अपघातात जीव गेला की चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत. मुद्दाम तसं ठेवलंय. ते आधी जाहीर नोटीस काढतात की कुणाला काही माहिती द्यायची असेल त्यानं यावं किंवा पत्र पाठवावं. प्रवासी, गावकरी, फलाटावरचा चहावाला, कुणीही.

याचा उपयोग काय ते ओडिशातल्या बालासोरच्या अपघातावरून सांगतो. २ जून २०२३ ला बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल मिळाला, पण पॉइंट लूप लाइनला, म्हणजे बाजूच्या रुळाला, लागलेला होता. गाडी उभ्या मालगाडीवर गेली. २९० हून जास्त माणसं गेली. आयुक्तांनी अहवालात लिहिलं की तिथल्या सिग्नलच्या सर्किटमध्ये पूर्वी केलेला बदल चुकीचा होता, आणि त्या दिवशी रेल्वे फाटकाच्या बॅरिअरचं काम करताना ती चूक अंगावर आली. मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. १६ मे २०२२ ला त्याच खरगपूर विभागात बांकरा नयाबाज स्टेशनात चुकीच्या वायरिंगमुळं असाच प्रकार घडला होता. तेव्हाच दुरुस्तीची पावलं उचलली असती तर बहानगा बाजारचा अपघात झाला नसता, असं अहवालात लिहिलंय. खात्याच्या आतल्या माणसाला असं वाक्य लिहिता आलं असतं का, विचार करा.

शेंगाचटणी
सिग्नलकाका, जॉइंट नोटवर वेगळा धागा काढा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्याकडून.

होटगीकर
काका, मान्य. पण त्याच बालासोरमध्ये सीबीआयनं तीन कर्मचाऱ्यांना अटक केली की. म्हणजे दोन्ही लागतंच.

निवृत्त_सिग्नल
होटगीकर, अटक केली, आणि तिथंच माझी काळजी सुरू होते. ज्यानं वायर जोडली तो हातात सापडतो. पण त्याला अद्ययावत सर्किट डायग्राम कुणी दिला नाही, काम झाल्यावर पूर्ण टेस्टिंगला वेळ कुणी दिला नाही, २०२२ च्या प्रसंगाची माहिती बाकीच्या स्टेशनांना कुणी पाठवली नाही, हे प्रश्न अटकेच्या गडबडीत मागं पडतात. पोलिसाला नाव शोधायचं असतं. सुरक्षा आयुक्ताला साखळी शोधायची असते. दोघांची कामं वेगळी ठेवा, एवढंच म्हणतो.

जुनी_मिल_कंपाउंड
वकिली करते, म्हणून कायद्याची बाजू मांडते.

आपल्याकडं १९५२ चा चौकशी आयोग कायदा आहे. त्यात एक चांगली तरतूद आहे, जी फारशी कुणाला माहीत नसते. आयोगापुढं साक्षीदारानं जे सांगितलं ते त्याच्याविरुद्ध दिवाणी किंवा फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. अपवाद फक्त खोटी साक्ष दिल्याच्या खटल्याचा. म्हणजे सिग्नलकाका जे म्हणतात त्याचं बीज कायद्यात आहेच. माणसानं न घाबरता बोलावं म्हणून ते ठेवलंय.

दुसरी तरतूद अशी की अहवाल मिळाल्यावर सहा महिन्यांत तो कृती अहवालासह, म्हणजे सरकारनं त्यावर काय केलं ते सांगून, विधिमंडळात ठेवायचा असतो. पण शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, सुप्रीम कोर्टानं १९५८ सालीच तसं सांगितलंय. आणि आयोग नेमायचा की नाही हे सरकार ठरवतं, विषय सरकार ठरवतं, सचिव आणि खोल्याही सरकारच देतं. दर वेळी नवा आयोग, पहिल्यापासून श्रीगणेशा. १९६१ च्या पानशेतच्या वेळी बावडेकर आयोगाचं काम अपुरं राहिलं, मग नाईक आयोग नेमावा लागला. निवृत्त न्यायमूर्तींबद्दल आदर ठेवून सांगते, उलटतपासणी त्यांच्याइतकी कुणाला जमत नाही. पण गंजलेली तार का तुटली हे सांगायला धातुशास्त्र लागतं.

होटगीकर
साक्ष वापरता येत नाही? म्हणजे आयोगासमोर जाऊन सगळं कबूल करायचं आणि मोकळं फिरायचं?

जुनी_मिल_कंपाउंड
नाही दादा. पोलीस स्वतःचा पुरावा स्वतः गोळा करू शकतात. कागदपत्रं, फोन, जळालेला माल, बाकीचे साक्षीदार, सगळं खुलं आहे. फक्त त्या माणसाच्या तोंडून आयोगापुढं निघालेले शब्द त्याच्यावर उलटवायचे नाहीत.

सीनाकाठ
मोहोळ तालुक्यातून. आमच्याकडं सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेनं जे केलं ते तुम्ही शहरातल्या लोकांनी लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला तेव्हा बघितलं. आम्ही आत होतो. ऊस आडवा, गोठ्यात गाळ, जनावरं दाव्याला बांधलेली. रात्री उठून दावी कापली म्हणून आमची वाचली. शेजारच्या वस्तीवरची गेली.

पाऊस प्रचंड झाला, ते आम्ही नाकारत नाही. पण आमचा प्रश्न साधा आहे. सीना कोळेगाव, चांदणी, खासापुरी इथनं पाणी कधी सुटलं, किती वाजता गेट उघडले, धरण किती भरल्यावर उघडले, आणि ते आमच्यापर्यंत पोचायला किती तास लागणार हे कुणी मोजलं होतं का? गेटची नोंदवही असते. ती लोकांपुढं ठेवा. बरोबर असेल तर बरोबर म्हणू.

आणि तो मेसेज. अमुक हजार क्युसेक विसर्ग. आम्हाला क्युसेक सांगून काय कळणार मालक? पाणी मारुतीच्या पायरीला लागणार का शाळेच्या ओट्याला, ते सांगा. मेसेज आला तेव्हा पाणी दारात होतं.

२०१९ च्या कोल्हापूर सांगलीच्या पुराचा अभ्यास करायला वडनेरे समिती नेमली होती. वडनेरे साहेब जलसंपदा खात्याचेच निवृत्त सचिव. त्यांच्या ज्ञानाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्यांचं घर वाहून गेलं त्याला वाटणारच ना, की धरण सांभाळणाऱ्या खात्याची चौकशी त्याच खात्याच्या माणसानं का करावी?

पेठेतला_पोरगा
सीनाकाठ दादा, मारुतीच्या पायरीचं एकदम पटलं.

धरणावरून आठवलं. जुलै २०१९ मध्ये चिपळूणजवळ तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांनी धरण पोखरलं असं मंत्री म्हणाले होते. मग लोक खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले, यांना अटक करा म्हणून!

सळई_सिमेंट
हसू येतं, पण त्यात एक खरा तांत्रिक प्रश्न होता. मातीच्या धरणाला बिळं पडू शकतात, त्यातून पाणी झिरपू शकतं. मग प्रश्न असा की झिरपा दिसल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या, त्यांचं काय झालं? बीळ खेकड्यानं केलं असेल तरी ते बुजवायचं काम माणसाचं. स्वतंत्र चौकशीनं पहिल्या आठवड्यात हे विचारलं असतं.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. पुलांबद्दल लिहितो. १४ मार्च २०१९ ला मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला, सात जण गेले. त्याचं ऑडिट झालेलं होतं आणि किरकोळ दुरुस्ती सांगितली होती. ऑडिटरला अटक झाली. काम हलगर्जीपणानं केलं असेल तर शिक्षा व्हावीच. पण ऑडिट कसं दिलं जातं तेही बघा. निविदा निघते, सगळ्यात कमी दराचा माणूस येतो. कोअर, म्हणजे काँक्रीटचा नमुना, काढणं, अल्ट्रासॉनिक चाचणी, सळईच्या गंजाची तपासणी, पुलाच्या पोटाखाली मचाण बांधून हातोडीनं ठोकून बघणं, याला पैसे लागतात. त्या दरात फोटो काढून रिपोर्ट होतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी निविदा त्याच दरात निघते. ऑडिटर पकडला गेला, निविदेची पद्धत सुटली.

गुजरातमधल्या मोरबीचं बघा. ३० ऑक्टोबर २०२२, झुलता पूल, १३५ जण. विशेष तपास पथकाला आढळलं की मुख्य केबलच्या ४९ पैकी २२ तारा गंजलेल्या होत्या. म्हणजे निम्म्याला थोड्याच कमी तारा आधीच कामातून गेलेल्या. ही माहिती पूल उघडण्याआधी मिळणं शक्य होतं. पण अशी तपासणी पूल उघडण्याआधी व्हायलाच हवी, असं बांधून ठेवणारं कुणी नव्हतं. घाटकोपरचं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं, परवानगीची मर्यादा ४० बाय ४०. ते १३ मे २०२४ ला पडलं आणि सतरा जण गेले. ते मोजायला तर इंजिनिअरही लागत नव्हता, रस्त्यावरून दिसत होतं.

थोडं अवांतर: आपल्याकडं शिकण्याचं एक चांगलं उदाहरण किल्लारीचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सोलापूरकरही रस्त्यावर आले होते. त्याआधी तो भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. २००२ च्या नकाशात तो झोनच काढून टाकला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या झोनमध्ये गेला. आज आम्ही इमारतीचं डिझाइन करतो ते नव्या नकाशावर. नऊ वर्षं लागली, पण शिकलेलं नियमात उतरलं. आगीच्या आणि गर्दीच्या बाबतीत असं का होत नाही?

होटगीकर
इंजिनिअर साहेब, तुमच्या बिरादरीला वाचवताय असं वाटतंय. सही केली ना? मग जबाबदारी घ्या. परवडत नसेल तर सही करू नका.

सळई_सिमेंट
सही केली की जबाबदारी, शंभर टक्के. मी त्या दराची कामं घेत नाही, आणि मी घेतली नाहीत म्हणून ती थांबत नाहीत. दुसरा कुणीतरी घेतो. म्हणून म्हणतो की माणूस पकडून प्रश्न संपत नाही.

मागवाला
माझं छोटं टेरी टॉवेल युनिट आहे. मालकांना शिव्या पडणार म्हणून लिहू की नको असं चाललं होतं, पण लिहितो.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं. बी फॉर्म म्हणतात त्याला. कायदा चांगलाच आहे. प्रत्यक्षात मला फोन येतो, “मालक, फॉर्म पाठवू का?” येऊन बघणारा विरळा. मी आग्रह करून बोलावतो तर तो म्हणतो की बाकी कुणी बोलावत नाही.

आमच्या धंद्यात धोका कुठं आहे ते ऐका. मागावरून सुताचे बारीक तंतू सतत उडतात, ते मोटारीवर, पत्र्याच्या कैच्यांवर, वायरीवर बसतात. तयार मालाचे गठ्ठे ठेवायला जागा कमी, ते जिन्यात येतात. चोरीच्या भीतीनं खिडक्यांना ग्रिल आणि रात्री शटर बंद. भाडं परवडत नाही म्हणून बाहेरगावचा कामगार आतच झोपतो, आणि काही ठिकाणी मालकाचं घरही वरच्या मजल्यावर. यातली एकही गोष्ट शॉर्टसर्किट या शब्दात येत नाही.

आग लागली की पंधरा दिवस सगळीकडं नोटिसा. ज्यानं खरं सांगितलं त्याचं युनिट आधी सील. मग कोण खरं सांगणार? होटगीकर, मी पळवाट मागत नाही. माझ्या युनिटमध्ये माझा मुलगा पण काम करतो. मला असा माणूस हवा आहे जो येऊन सांगेल की हे दार इथं पाड, हे गठ्ठे तिथं हलव, आणि सहा महिन्यांनी पुन्हा येऊन बघेल. सध्या एवढं बारकाईनं बघतो तो फक्त विम्याचा सर्व्हेअर, आणि तोही आग लागून गेल्यावर.

बंबवाला
अग्निशमन दलात नोकरी केली, गाव सांगत नाही.

मागवाले दादांनी मर्मावर बोट ठेवलं. आगीच्या अहवालात कारण लिहायचा एक रकाना असतो. तो भरावाच लागतो. आग विझवून आम्ही थकलेले असतो, सगळं कोळसा झालेलं असतं, आणि दुसरं काही सिद्ध करता येत नाही म्हणून शॉर्टसर्किट लिहिलं जातं. जळालेल्या तांब्याच्या तारेवर वितळलेला मणी दिसतो. पण तो मणी आग लावणाऱ्या ठिणगीचा असतो, तसाच आगीनं चालू वायरचं वेष्टण जाळल्यावर उडालेल्या ठिणगीचाही असतो. प्रयोगशाळेत नीट बघितल्याशिवाय दोन्हीत फरक करता येत नाही, आणि कधी कधी तिथंही येत नाही.

आणि जागा राखली जात नाही. दुसऱ्या दिवशी जेसीबी येतो. माणसं शोधायला मलबा उपसावा लागतो, त्याला इलाज नाही. पण त्यानंतरही राखण नसते. कुठलं दार कुठल्या बाजूला उघडत होतं, कडी आतून होती का बाहेरून, वायर कुठल्या बोर्डातून आली होती, सगळं ट्रॉलीत भरून जातं. खुनाच्या जागेला दोरी बांधतात. आठ माणसं गेली त्या जागेला बांधत नाहीत.

रात्रपाळी
मी परिचारिका आहे. ताईंनी भंडारा आणि नगरचं लिहिलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाशिकला ऑक्सिजनची गळती झाली, दोनच दिवसांनी विरारच्या रुग्णालयात आग लागली. आम्ही त्या वर्षी ड्युटीवर जाताना काय मनात घेऊन जायचो ते सांगता येणार नाही.

मी जिथं काम करत होते तिथं एका रात्री व्हेंटिलेटरच्या बोर्डातून जळका वास आला. प्लग काळा पडला होता. आम्ही मशीन दुसऱ्या पॉइंटवर घेतलं, रुग्णाला काही झालं नाही. सकाळी मी रजिस्टरला नोंद केली. तर मला विचारलं गेलं की एका बोर्डावर दोन मशीनं लावायला कुणी सांगितलं? खुलासा द्या. त्यानंतर आमच्या वॉर्डात कुणीही अशी नोंद केली नाही. वास येतच राहिला असणार.

तुम्ही सगळे माणसं गेल्यानंतरच्या चौकशीबद्दल बोलताय. माणसं थोडक्यात वाचली त्याची चौकशी कोण करणार? सिग्नलकाकांचं ते २०२२ चं स्टेशन म्हणजे असंच थोडक्यात वाचल्याचं प्रकरण होतं ना?

निवृत्त_सिग्नल
बाई, अगदी तेच होतं. तुमच्या काळ्या पडलेल्या प्लगची चौकशी झाली पाहिजे होती, तुमची नव्हे.

पंढरीची_वाट
पंढरपूरहून. १४ ऑक्टोबर २०२० च्या पावसात कुंभार घाटाची भिंत पडून सहा जण गेले. नवीन बांधकाम चालू होतं. आसरा घ्यायला थांबलेली माणसं होती. घाटावरून जाताना आजही मान खाली जाते.

मला गर्दीबद्दल बोलायचंय, कारण आषाढीला आमचं गाव गर्दीतच जगतं. चेंगराचेंगरी झाली की दुसऱ्या दिवशी बातमी येते, अफवा पसरली आणि लोक पळाले. म्हणजे दोष लोकांचाच. पण एका चौरस मीटरमध्ये पाच सहा माणसांच्या वर गर्दी गेली की माणूस स्वतःच्या पायानं हलत नाही, गर्दी त्याला हलवते. श्वास कोंडून माणसं उभ्या उभ्या मरतात, पळायला जागाच नसते. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला जवळपास तीनशे भाविक गेले. नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानं. न्या. कोचर आयोग नेमला. प्रत्येक मोठ्या जत्रेच्या आधी असा अहवाल त्या त्या देवस्थानाच्या, पोलिसांच्या, दुकानदारांच्या बैठकीत कुणी मोठ्यानं वाचून दाखवतं का? आपल्या सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या नियोजनाच्या बैठकीत?

पार्क_चौक_ते_लीड्स
बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे. इथं सगळं आलबेल आहे असं समजू नका.

२००९ मध्ये लंडनच्या लकानल हाऊस या इमारतीला आग लागून सहा जण गेले. २०१३ मध्ये कॉरोनरनं, म्हणजे मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, सरकारला पत्र लिहिलं की इमारतींच्या अग्निसुरक्षेचे नियम तपासा, स्पष्ट करा. ते काम रेंगाळलं. १४ जून २०१७ ला ग्रेनफेल टॉवर जळाला, ७२ जण गेले. त्याचा शेवटचा अहवाल आला सप्टेंबर २०२४ मध्ये.

पण पायपर अल्फाचं उदाहरण घ्या. १९८८ मध्ये उत्तर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर स्फोट झाला, १६७ जण गेले. चौकशी करणारे न्यायाधीश लॉर्ड कलन यांनी १०६ शिफारशी केल्या आणि त्या सगळ्या मान्य झाल्या. समुद्रातल्या सुरक्षेवर देखरेख ठेवण्याचं काम तेल उत्पादन वाढवण्याचं काम बघणाऱ्या खात्याकडून काढून घेतलं. पंढरपूरकरांचा प्रश्न फार मोलाचा आहे. अहवाल चांगला असूनही कुणी पाठपुरावा केला नाही तर लकानल होतं.

होटगीकर
बरं, एक विचारतो, भांडायला नाही. ज्याचं माणूस गेलं त्याला जाऊन कसं सांगायचं, की आम्ही दोषी शोधत नाही, कारण शोधतोय? आमच्या गल्लीतलं एक पोर असं गेलंय. त्याच्या आईला साखळी नको, नाव पाहिजे.

विजापूर_वेस
होटगीकर दादा, तिला नाव मिळायलाच पाहिजे. ते काम पोलिसांनी आणि कोर्टानं लवकर करावं. पण त्या आईलाही एवढं वाटत असणारच की दुसऱ्या कुणाचं पोर असं जाऊ नये. दोन्ही कामं एकाच समितीवर टाकली की दोन्ही अर्धी राहतात, इथल्या प्रतिसादांतून मला तरी हे दिसतं.

मग यंत्रणा कशी असावी? अमेरिकेत वाहतूक अपघातांसाठी जे सुरक्षा मंडळ आहे ते १९७५ पासून वाहतूक खात्याच्या पूर्ण बाहेर आहे. ते हुकूम देऊ शकत नाही, शिफारसच करतं. पण वाहतूक खात्याला ९० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं, मान्य नसेल तर का नाही ते सांगावं लागतं. आपल्या राज्यात आग, इमारती, पूल, गर्दी आणि धरणं यांच्यासाठी असं एक कायमचं मंडळ हवं. त्यात आगीचे, बांधकामाचे, पाण्याचे जाणकार पगारी असावेत, दुर्घटनेनंतर शोधायला लागू नयेत. तीस दिवसांत प्राथमिक अहवाल, जसा अहमदाबादच्या विमान अपघाताचा महिन्याभरात आला.

जुनी_मिल_कंपाउंड
ताई, विमानाचं उदाहरण देताना एक लक्षात ठेवा. तपास करणारा विभाग आणि विमान कंपन्यांवर देखरेख करणारं महासंचालनालय, दोन्ही एकाच मंत्रालयाखाली आहेत. त्यावरही टीका होतेच. नेमणूक कुणी करायची हा कळीचा प्रश्न आहे. फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर जपानच्या संसदेनं स्वतःचा आयोग नेमला, सरकारच्या हातात ठेवलं नाही. त्या आयोगानं २०१२ मध्ये स्वच्छ लिहिलं की हा अपघात मानवनिर्मित होता. आपल्याकडं विधिमंडळानं नेमणूक करावी, त्यात विरोधी पक्षनेत्याची संमती असावी, आणि मंडळाचा खर्च कुठल्याही खात्याच्या मर्जीवर नसावा.

सीनाकाठ
आणि मंडळाची एक तरी बैठक जिथं घडलं त्या गावात घ्या. मुंबईला येऊन साक्ष द्यायला आमच्याकडं गाडीभाडं नाही.

मागवाला
कायदा व्हायला वर्षं जातील. आत्ता सोलापुरात काय करता येईल?

जुनी_मिल_कंपाउंड
माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. जिल्ह्यातल्या गेल्या पाच वर्षांतल्या आगी, पूर, भिंत पडणं, यांच्या चौकशीचे सगळे अहवाल, त्यातल्या शिफारशी, आणि प्रत्येक शिफारशीवर कुणी काय केलं त्याची प्रत मागायची. एमआयडीसीतल्या किती युनिटचे जानेवारी आणि जुलैचे बी फॉर्म जमा आहेत ते मागायचं. सीनाकाठ दादांसाठी गेटच्या नोंदवहीची प्रत वेगळ्या अर्जात, कारण ते खातं वेगळं. मसुदा मी या आठवड्यात इथं टाकते, सगळ्यांनी दुरुस्त्या सुचवा.

होटगीकर
माझं नाव घाला अर्जदारांत. गल्लीतल्या त्या आईलाही विचारतो.

बंबवाला
वकीलताई, एक कलम वाढवा. प्रत्येक आगीनंतर मलबा कुणाच्या आदेशानं आणि कुठल्या तारखेला हलवला, आणि त्याआधी जागेचा पंचनामा आणि फोटो झाले होते का, ते विचारा. कारणाचा रकाना कसाही भरलेला असो, ही तारीख फाइलमध्ये सापडते, कारण जेसीबीचं बिल लावावं लागतं.